सख्खे शब्द

शाळेत असताना माझी शब्दांची एक वही होती. नवा इंग्रजी शब्द कानावर पडला की तो मी देवनागरीत लिहून ठेवायचे आणि समोर त्याचा अर्थ. त्या वहीच्या सुरुवातीच्या पानांवर ‘स्टेशनरी’ असा शब्द होता, अर्थ : कागद, पेन, पाकिटं वगैरे लेखनसाहित्य. पुढे बऱ्याच पानांनंतर पुन्हा ‘स्टेशनरी’, अर्थ : स्थिर, जागचं न हलणारं. ‘प्रिन्सिपल’ही दोनदा होता, एकदा मुख्याध्यापक आणि एकदा तत्त्व. ‘कॉम्प्लिमेंट’ही तसाच, एकदा प्रशंसा आणि एकदा पूरक गोष्ट. यातलं काहीतरी आपण चुकीचं ऐकलंय असं तेव्हा मला वाटलं होतं आणि मी दोन नोंदी खोडूनही टाकल्या होत्या.

आज इतक्या वर्षांनी, इंग्रजी आणि मराठी मजकूर तपासण्याच्या कामात आयुष्याचा मोठा भाग गेल्यावर, त्या खोडलेल्या नोंदींबद्दल मला फार वाटतं. वही चुकलेली नव्हती. कानाला ते शब्द खरोखरच एक होते. फरक होता तो कागदावर, एकेका अक्षरात. आपली लिपी जसं ऐकू येईल तसं लिहून घेते. इंग्रजीची लिपी तसं करत नाही, म्हणून तिला वेडी ठरवून आपण मोकळे होतो. पण ती वेडी नाही, ती जुनी आहे. तिच्यात जुने उच्चार जपून ठेवलेले आहेत.

‘मीट’ हा शब्द घ्या. भेटणे या अर्थाच्या ‘मीट’मध्ये दोन ‘ई’ असतात आणि मांस या अर्थाच्या ‘मीट’मध्ये ‘ई’नंतर ‘ए’ येतो. आज दोन्हींचा उच्चार अगदी एक आहे. पण विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात पहिला छापखाना काढला, तेव्हा हे दोन स्वर वेगळे उच्चारले जात होते. छापखान्यामुळे स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली आणि त्याच शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागोमाग एक जागा सोडत गेले. लेखन मागे राहिलं, उच्चार पुढे गेला. ‘सी’ म्हणजे पाहणे आणि ‘सी’ म्हणजे समुद्र यांच्या स्पेलिंगमधला फरक याच वाटेने आला. म्हणजे ज्या जोड्या आपण निव्वळ पाठ करतो, त्यांतल्या काही एकेकाळी कुणालाच पाठ कराव्या लागत नव्हत्या. कान सांगत होता.

स्टेशनरीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती कळली त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला ती सांगत सुटले होते. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. पुस्तकांचा आणि कागदाचा व्यापार करणारे मात्र, विशेषतः विद्यापीठांच्या आसपास, एका ठरलेल्या जागी बसत. जागेवरून न हलणारा तो ‘स्टेशनर’. लंडनमधल्या अशा मंडळींच्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली आणि तो ‘स्टेशनर्स कंपनी’ म्हणून ओळखला गेला. स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी. म्हणजे माझ्या वहीतल्या त्या दोन नोंदी मुळात एकाच माणसाच्या होत्या, स्थिर बसलेल्या विक्रेत्याच्या! आता फरक लक्षात कसा ठेवायचा? ‘पेपर’ या शब्दाच्या शेवटी ‘ई-आर’ येतं, लेखनसाहित्याच्या स्टेशनरीतही ‘ई-आर’. स्थिर या अर्थाच्या शब्दात ‘ए-आर’. पण खरं सांगायचं तर, तो जागेवर बसलेला कागदविक्या एकदा डोळ्यांसमोर आला की क्लृप्तीची फारशी गरज उरत नाही.

त्यानंतर मला नादच लागला. गोंधळाची जोडी दिसली की मी तिचं मूळ शोधते, आणि पुष्कळदा ते दोन शब्द सख्खे निघतात. ‘प्रिन्सिपल’चे दोन्ही अवतार ‘पहिला’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दातून आलेले आहेत. शेवटी ‘ए-एल’ असलेला म्हणजे मुख्य, शेवटी ‘एल-ई’ असलेला म्हणजे तत्त्व. ‘कॉम्प्लिमेंट’चे दोन्ही अवतार ‘भरून काढणे’ या क्रियापदाचे. पूरक या अर्थाच्या शब्दात मधे ‘ई’ आहे, ‘कम्प्लीट’मध्ये असतो तोच. प्रशंसेचा शब्द इटालियन आणि स्पॅनिशच्या वाटेने, शिष्टाचार पुरा करण्याच्या अर्थाने फिरून आला आणि येताना ‘आय’ घेऊन आला. ‘डिस्क्रीट’ हा तर जुळ्यांचाच प्रकार. एकाचा अर्थ तारतम्याने वागणारा, बोलताना भान राखणारा. दुसऱ्याचा अर्थ सुटा, वेगळा. दोन्ही वेगळं काढणे, निवडणे या लॅटिन क्रियापदापासून आले. निवडता येणं म्हणजेच तारतम्य. कितीतरी काळ त्यांची स्पेलिंगंही एकमेकांत मिसळलेली होती, मग एकेकाला एकेक नेमून दिलं गेलं. सुटा या अर्थाच्या शब्दात दोन ‘ई’ एकमेकांपासून सुटे असतात, मधे ‘टी’ येऊन उभा राहतो. भान राखणाऱ्यात ते दोघे शेजारी शेजारी असतात.

मजकूर तपासताना सगळ्यांत जास्त वेळा भेटणारी जोडी कुठली असं कुणी विचारलं, तर ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’. नियम सोपा आहे. अफेक्ट हे क्रियापद, इफेक्ट हे नाम. पाऊस पिकाला अफेक्ट करतो, आणि पिकावर जो दिसतो तो पावसाचा इफेक्ट. तरीही हुशार, जाणत्या माणसांचं इथे चुकतं, आणि त्यामागचं कारण आपल्याच भाषेत आहे असं मला वाटतं. मराठीत आपण ‘परिणाम होतो’, ‘परिणाम करतो’ म्हणतो. नाम तेच, फक्त शेजारी ‘होणे’ किंवा ‘करणे’ बसवलं की काम झालं. त्यामुळे क्रिया आणि तिचं फळ यांना दोन वेगळे शब्द लागतात ही जाणीव आपल्याला आतून होत नाही. ती मुद्दाम करून घ्यावी लागते. नियमाला दोन अपवाद आहेत तेही सांगायला हवेत. बदल घडवून आणणे या अर्थी इफेक्ट क्रियापद म्हणून येतो. इफेक्ट अ चेंज म्हणजे बदल प्रत्यक्षात आणणे, अफेक्ट अ चेंज म्हणजे आधीच चाललेल्या बदलावर प्रभाव टाकणे. आणि मानसशास्त्रात, चेहऱ्यावर किंवा वागण्यात दिसणाऱ्या भावनेला नाम म्हणून ‘अफेक्ट’ म्हणतात, तिथे आघात पहिल्या अक्षरावर येतो.

‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ या जोडीत मात्र कान मदतीला येतो. नाम असेल तर शेवटी अघोष ‘स’, क्रियापद असेल तर घोष ‘झ’. हा इंग्रजीचा जुना स्वभावच आहे. ‘बिलीफ’ नाम, ‘बिलीव्ह’ क्रियापद. ‘प्रूफ’ आणि ‘प्रूव्ह’. ‘यूज’ तर एकाच स्पेलिंगमध्ये दोन्ही करतो, नाम असताना ‘यूस’ आणि क्रियापद असताना ‘यूझ’. हे एकदा कानात बसलं की ‘प्रॅक्टिस’चा घोळही आवरतो. तिथे उच्चारात फरक नाही, पण ब्रिटिश पद्धतीत नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’ लावतात, अगदी ॲडव्हाइससारखंच. अमेरिकेत दोन्हीकडे ‘सी’ चालतो.

पण ज्या जोडीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती ‘लाय’ आणि ‘ले’ची.

ज्यांची मायबोली इंग्रजी आहे अशी माणसंही इथे अडखळतात. ‘लाय’ म्हणजे आडवं असणे, पडून राहणे. ‘ले’ म्हणजे ठेवणे, आडवं करणे. त्यात भर म्हणजे ‘लाय’चा भूतकाळ पुन्हा ‘ले’च होतो. मी आज पडून आहे, तर ‘लाय’. काल पडून होते, तर ‘ले’. आणि पुस्तक टेबलावर ठेवते, तरी ‘ले’, त्याचा भूतकाळ ‘लेड’. खोटं बोलणारा ‘लाय’ आणखी तिसरा, त्याचा भूतकाळ ‘लाइड’. मी हे तक्ते किती वेळा पाठ केले आणि किती वेळा विसरले याची गणती नाही.

एका संध्याकाळी जुन्या इंग्रजीबद्दल वाचत असताना एक वाक्य आलं की ‘ले’ हे ‘लाय’चं प्रयोजक रूप आहे. एखादी क्रिया करणे आणि ती दुसऱ्याकडून करवणे, एवढाच या दोहोंतला फरक. पुढे उदाहरणं होती. ‘सिट’ आणि ‘सेट’. ‘फॉल’ आणि ‘फेल’, म्हणजे झाड तोडून पाडणे. ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’. मी वाचायची थांबले. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. ड्रिंक म्हणजे पिणे, आणि ड्रेंचचा आज आपण चिंब भिजवणे असा अर्थ करतो, पण त्याचा मूळ अर्थ होता पाजणे! जनावराच्या घशात औषध ओतण्याला इंग्रजीत आजही ड्रेंच म्हणतात.

पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तरणे–तारणे, चरणे–चारणे. तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे. मराठी बोलणारं तीन वर्षांचं मूल यांत चुकत नाही. ‘मी ग्लास पाडला नाही, तो पडला’ असं ते रडत रडत, पण अचूक सांगतं. आतला स्वर बदलला की कर्त्याची जबाबदारी बदलते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लाय आणि ले, सिट आणि सेट, फॉल आणि फेल यांतही आतला स्वरच बदललेला आहे.

ही सारखेपणाची गंमत योगायोगाची असती तरी मला पुरली असती. पण तो योगायोग नाही. संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. त्या ‘पातयति’मधला जो ‘अय’ आहे तो प्रयोजकाचा प्रत्यय, आणि त्याच्यासोबत आतला स्वरही बदलतो. आपले पडणे–पाडणे तिथून प्राकृतातून उतरत आले. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातली, त्या कुळातही ‘यन’ असा प्रत्यय लावून प्रयोजक क्रियापदं बनत, आणि ‘ले’, ‘सेट’, ‘फेल’ ही त्याच घडणीची. भाषाशास्त्र सांगतं की संस्कृतातला ‘अय’ आणि जर्मानिकातला ‘यन’ हे दोन्ही आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही जिच्यातून उतरल्या त्या मूळ भाषेतल्या, एकाच प्रत्ययाचे वारस आहेत. इंग्रजीत हे यंत्र कधीचं बंद पडलं, त्याने घडवलेले चारदोन शब्द तेवढे मागे राहिले. म्हणून इंग्रज माणसाला लाय आणि ले यांत आता नातं दिसत नाही आणि तो गोंधळतो. आपल्याकडे ते यंत्र अजून रोज चालू आहे. त्या संध्याकाळनंतर लाय आणि ले यांत माझं एकदाही चुकलेलं नाही. क्रिया आपल्याआपण होत असेल, पडण्यासारखी, तर लाय. कुणी कशाला तरी आडवं पाडत असेल, ठेवत असेल, तर ले. भूतकाळाचा तक्ता तेवढा पाठ करावा लागला.

इंग्रजी शिकताना मराठी बाजूला ठेवा, इंग्रजीतच विचार करा, असं आम्हाला सतत सांगितलं जायचं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्या सल्ल्यामुळे आमच्या हातातलं सगळ्यांत चांगलं हत्यार काढून घेतलं गेलं असं मला आज ठामपणे वाटतं. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांतला फरक समजावायला किती वाक्यं खर्ची पडतात! ‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ एवढं म्हटलं तरी पुरे. ‘सी’ आणि ‘लुक’ म्हणजे दिसणे आणि पाहणे. ‘से’ आणि ‘टेल’ म्हणजे म्हणणे आणि सांगणे. ‘लर्न’ आणि ‘टीच’ म्हणजे शिकणे आणि शिकवणे, पुन्हा तेच प्रयोजक. ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ या जोडीत बोलणारा सुचवतो तो इम्प्लाय आणि ऐकणारा अनुमान काढतो तो इन्फर.

जिथे मराठीत एकच शब्द आहे, तिथे मात्र सावध राहावं लागतं. ‘ऐतिहासिक’ हा त्यांतला एक. इतिहासात ठसा उमटवणारी घटना ‘हिस्टॉरिक’, आणि इतिहासाशी संबंधित असलेली कोणतीही गोष्ट, कागदपत्रं, कादंबरी, ‘हिस्टॉरिकल’. आपण दोन्हींना ऐतिहासिक म्हणतो आणि मग इंग्रजीत हाताला येईल तो शब्द वापरतो. उलट बाजूने पाहिलं तर ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक इंग्रजीला माहीतच नाही, तिथे दोन्हींना एकच ‘वी’. समोरच्याला आपल्यात धरलं की वगळलं, हे इंग्रजीत वाक्याच्या संदर्भावरून ताडावं लागतं. कुठलीच भाषा सगळे फरक करत बसत नाही.

‘इट्स’बद्दल थोडं सांगते, कारण ही चूक झाली की लोक फार तुच्छतेने पाहतात. ‘इट इज’चं आखूड रूप असेल तर ‘टी’नंतर अपॉस्ट्रॉफी, ‘त्याचं’ असा अर्थ असेल तर नाही. कसोटी एकच : त्या जागी ‘इट इज’ ठेवून वाक्य वाचा, बसलं तर अपॉस्ट्रॉफी द्या. ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’ यांनाही ती लागत नाही हे आठवलं तरी चालेल. पण हा ‘इट्स’ मुळात किती नवा आहे पाहा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निर्जीव वस्तूसाठीही ‘हिज’च वापरत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मिठाने ‘त्याची’ चव गमावली तर, असं वाक्य येतं, तिथे ‘हिज’ आहे. ‘इट्स’ रुळला तेव्हा सतराव्या-अठराव्या शतकांत चांगले चांगले लेखक तो अपॉस्ट्रॉफी देऊनच लिहीत होते. आज ती चूक ठरते, आणि मी स्वतःही ती दुरुस्त करते. मात्र दुरुस्त करताना लिहिणाऱ्याच्या बुद्धीबद्दल काही ठरवत नाही. ‘देन’ आणि ‘दॅन’ हे तर साधारण १७०० पर्यंत एकाच शब्दाची दोन लेखनं होती.

सगळेच नियम सारख्या तोलाचे नसतात, हेही काम करता करता कळत गेलं. मोजता येणाऱ्यांना ‘फ्युअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम रॉबर्ट बेकर याने १७७० मध्ये मांडला, आणि तोही आपली आवड म्हणून. त्याआधी कित्येक शतकं, नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडच्या काळापासून, मोजता येणाऱ्यांसाठीही ‘लेस’ सर्रास वापरत होते. औपचारिक लेखनात मी तो पाळते, पण बोलण्यात कुणी ‘लेस’ म्हटलं तर ते मला खटकत नाही. ‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’बाबत मात्र मी हट्टी आहे. पहिला म्हणजे निःपक्ष, ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा. दुसरा म्हणजे ज्याला रस नाही असा. सतराव्या शतकात हे अर्थ उलटसुलट चालत होते, हे मला माहीत आहे. तरीही न्याय करणारा माणूस डिसइंटरेस्टेड असावा आणि अनइंटरेस्टेड नसावा, हे एका वाक्यात म्हणता येणं ही मोठी सोय आहे. ती हातची जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि काही जोड्यांत सोयीचा प्रश्नच नसतो. वडिलांना मधुमेह आहे. एका रात्री भावाचा फोन आला. त्यांना दरदरून घाम आला होता, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. ‘हायपो झालंय वाटतं,’ तो म्हणाला. मला ऐकू आलं ‘हायपर’. साखर वाढलीय असं समजून मी ठामपणे म्हणाले, गोड काही देऊ नकोस. तो थांबला. मी मोठी, शब्दांचं काम करणारी, म्हणून माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून थांबला. मग त्यानेच यंत्रावरचा आकडा वाचला, ५२. सत्तरच्या खाली गेलं की साखर कमी झाली असं धरतात. मी ओरडले, साखरेचं पाणी दे, आत्ता दे. ते शुद्धीत होते, गिळू शकत होते. पंधरा-वीस मिनिटांत माणसात आले. मधली दोन-तीन मिनिटं माझ्यामुळे वाया गेली होती. एका अक्षराच्या फरकाने उपचार उलटा होतो, हे मला कागदावर माहीत होतं. फोनवर, भ्यालेल्या कानाने, ते निसटलं.

त्यानंतर मी सुट्टी घेऊन घरी गेले आणि कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला. दोन शब्द देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. ‘हायपर’च्या शेजारी वर जाणारा बाण आणि ‘उपरि, वर’. ‘हायपो’च्या शेजारी खाली जाणारा बाण आणि ‘उप, खाली’. हे मी लक्षात राहावं म्हणून रचलेलं नव्हतं. ग्रीकमधला ‘हायपर’ आणि संस्कृतातला ‘उपरि’ खरोखर एका मुळाचे आहेत, आणि त्या ‘उपरि’चाच आपला ‘वर’ झाला. ‘हायपो’ आणि ‘उप’ हेही तसेच. उपनेता नेत्याच्या खालचा, तसं हायपो खालचं.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी आयुष्यभर संस्कृत हौसेने वाचलेलं आहे.

‘अगं, मग इंग्रजीतला अंडर म्हणजे आपला अधर का?’ त्यांनी विचारलं. ‘अधर म्हणजे खालचा. ओठाला नंतर म्हणायला लागले.’

मला माहीत नव्हतं. मी कोश काढला आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. नोंद सापडायला थोडा वेळ लागला. बाबांचं बरोबर होतं.